दात नसताना हातात घास

आमच्या मुलीला सहावा महिना सरला तेव्हा तोंडात एकही दात नव्हता. आठवा सरला तरी नव्हताच. घरात ठरूनच गेलेलं की दात येईपर्यंत नाचणीचं सत्त्व, गुरगुट्या भात आणि वरणाचं पाणी, तेही चमच्यानं. पण चमचा दिसला की ही तोंड फिरवायची आणि आमच्या ताटातल्या भाकरीवर झडप घालायची.

लसीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, आधी येतात ते पुढचे दात. त्यांनी तुकडा तोडता येतो, बारीक करता येत नाही. ते काम दाढांचं, आणि दाढा वर्ष उलटल्यावर येतात. म्हणजे दोन दात आलेलं बाळही हिरड्यांनीच खातं. हिरड्या किती कडक असतात हे अंगावर पाजणाऱ्या बाईला सांगायला नको! बघायचं ते दुसरंच: बाळ थोड्या आधारानं ताठ बसतंय का, मान नीट धरतंय का, वस्तू उचलून तोंडाकडे नेतंय का, आणि जिभेनं घास बाहेर ढकलणं कमी झालंय का. आमच्या पोरीचं हे सगळं झालं होतं.

सुरुवात रताळ्यानं केली. बेळगाव तालुक्यात रताळ्याला तोटा नाही, सासरीही दोन सऱ्या असतातच. उकडून, साल काढून आपल्या बोटाएवढ्या लांब फोडी केल्या. लांब का, तर या वयात बाळ चिमटीत धरत नाही, अख्ख्या मुठीत धरतं. फोड मुठीच्या वर उरली तरच चोखता येते. बारीक तुकडा मुठीतच हरवतो आणि बाळ चिडतं. मऊपणाची परीक्षा सोपी आहे. अंगठा आणि बोटात दाबला की तुकडा चुरडला पाहिजे. चुरडला नाही तर परत कुकरला.

मग तांबडा भोपळा, दुधी, वाफवलेलं सफरचंद, पपई. जवारी केळं निसटतं म्हणून खालची अर्धी साल तशीच ठेवायची, धरायला मूठ मिळते. पपईची फोड भाजलेल्या नाचणीच्या पिठात घोळवली की हातातून सुटत नाही. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा कमी होत जातो, त्यामुळे नुसत्या फळांवर भागत नाही. मी मूगडाळीच्या धिरड्याच्या पट्ट्या आणि पूर्ण शिजलेल्या आम्लेटच्या पट्ट्या द्यायला लागले. घरच्या आमटीत मीठ-तिखट पडायच्या आधी तिची वाटी बाजूला काढायची. आमच्याकडचं तिखट बघता हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

सासूबाईंना पटेना. "दात नाहीत तिला, आणि तू तुकडा देतीस व्हय? घशात अडकला म्हणजे?" भीती रास्त होती. एका दुपारी भोपळा खाताना पोरीला ठसका लागला, तोंड लाल झालं, ओकारी आल्यासारखं झालं. त्या धावल्या, तोंडात बोट घालणार तेवढ्यात मी हात धरला. पोरीनं आपला आपण घास पुढे ढकलला आणि पुन्हा फोड उचलली. डॉक्टरांनी हा फरक आधी नीट समजावला होता: आवाज येतोय, खोकला येतोय, तर बाळ स्वतः सोडवतंय. आपण बोट घातलं तर घास आणखी आत जातो. घाबरायचं ते आवाज बंद झाल्यावर. रडू फुटत नाही, खोकता येत नाही, ओठ निळे पडतात, तेव्हा खरं अडकलेलं असतं. मग बाळाला हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं 5 थापा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध 5 वेळा दाब. निघेपर्यंत आलटून पालटून हेच, आणि दुसऱ्यानं तोवर 108 ला फोन करायचा. हे मी सासूबाईंना उशीवर करून दाखवलं, नवऱ्याकडून करून घेतलं. त्यानंतर त्यांचा विरोध बराच मावळला. पोरगी खात असताना समोर बसायची जबाबदारी आता त्यांनीच घेतली आहे. बाळ ताठ बसलेलंच हवं, आडवं किंवा रांगताना नाही, आणि घास तिचा तिनंच तोंडात घालायचा.

खरी झटापट पाहुण्यांशी. आपल्याकडे घरात चिरमुरे, शेंगा, फुटाणे नसतील असा दिवस नाही, आणि प्रत्येकाला बाळाच्या हातावर चार दाणे ठेवायची हौस. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे, अख्खं द्राक्ष, खोबऱ्याचा तुकडा, कच्चं गाजर, भाकरीचा कडक पापुद्रा हे सगळं मी सरळ काढून घेते. वाईट वाटलं तर वाटू दे. शेंगदाणा द्यायचा तर गुळगुळीत वाटून, पातळ करून, आणि पहिल्यांदा अगदी थोडा. बारशाला-वाढदिवसाला बोटावर कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची गोड मिठाई, चाटवणारेही भेटतात. वर्षाच्या आत साखर नको, आणि मध तर अजिबात नको, कारण त्यातल्या जंतूंमुळे बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

नववा महिना सरला तशी ती चिमटीत उचलायला लागली. मग शिजवलेले वाटाणे चेपून, इडलीचे छोटे तुकडे वरणात भिजवून.

दात अखेर वर्षाच्या आतच आले, खालचे दोन. दीड वर्षापर्यंत आले नसते तर दाखवून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. सगळ्यांना वाटलं, आता काहीही चालेल. उलट आता जास्त सांभाळावं लागतं, कारण पुढच्या दातांनी ती कडक फळाचा मोठा लचका तोडू शकते आणि तो बारीक करायला दाढा नाहीत. म्हणून कुणी सफरचंदाची कच्ची फोड पुढे केली, तर ती आधी कुकरमध्ये जाते.