दहाच्या उजवीकडचा सहा

गेल्या महिन्यातला प्रोग्रामिंगचा एक इंटरव्ह्यू अजून डोक्यातून जात नाही. पॅनलवर मी आणि माझे एक सीनियर. समोर नुकतीच पास झालेली मुलगी. प्रश्न माझा नेहमीचाच: दिलेला बायनरी ट्री (आकड्यांचं झाड, प्रत्येक आकड्याखाली जास्तीत जास्त दोन फांद्या) खरंच सर्च ट्री आहे का, म्हणजे प्रत्येक आकड्याच्या डावीकडचे सगळे त्याहून लहान आणि उजवीकडचे सगळे मोठे आहेत का, हे तपासणारं रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारं, फंक्शन लिही.

तिने चार ओळींत लिहून टाकलं. नोड, म्हणजे झाडातली एकेक जागा, रिकामा असेल तर 'हो'. नसेल तर डावं मूल लहान, उजवं मोठं, आणि दोन्ही बाजूंना पुन्हा हेच फंक्शन. बहुतेक जण पहिल्यांदा असंच लिहितात. मी फळ्यावर झाड काढलं: वर 10, त्याच्या उजवीकडे 15, आणि 15च्या डावीकडे 6. तिचं फंक्शन याला पास करणार, कारण 6 हा 15पेक्षा लहान आहेच. पण 10च्या उजव्या अंगाला, कितीही खाली गेलं तरी, 10पेक्षा लहान काही चालत नाही.

ती गप्प झाली. सीनियर घड्याळ बघू लागले. मला हे अजिबात पटत नाही. माणूस विचार करत असताना मिनिटभर थांबायलाच हवं. मग ती 6वर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, याला बाप माहितीये, आजोबा नाही."

फंक्शनला तिने दोन मर्यादा जोडल्या, खालची आणि वरची. उजवीकडे उतरताना नोडची किंमत खालची मर्यादा होते, डावीकडे उतरताना वरची. म्हणजे 6ला 10 आणि 15च्या मधे बसावं लागतं, आणि तो बसत नाही. रूटला, म्हणजे सगळ्यात वरच्या नोडला, तिने दोन्ही मर्यादा रिकाम्याच दिल्या. तिथे अनुभवी लोकसुद्धा खालची मर्यादा म्हणून -2147483648, म्हणजे 32 बिटांच्या पूर्णांकात मावणारी सर्वात लहान किंमत, ठोकतात, आणि ट्रीमध्ये नेमकी तीच किंमत आली की चांगला ट्री नापास होतो.

सीनियरनी विचारलं, क्रमाने लावलेले एक लाख आकडे एकेक करून घातले तर? "साखळी होईल, स्टॅक भरेल," ती लगेच म्हणाली. स्टॅक म्हणजे अर्धवट राहिलेल्या कॉल्सची नोंद ठेवणारी मेमरी. पायथॉन भाषेत तर मुळात एकात एक अशा 1000 कॉल्सचीच मर्यादा असते. पण रिकर्शन काढून स्वतःचा स्टॅक वापरून लिहिणं तिला जमलं नाही.

त्यांनी नकार दिला, मी होकार दिला. त्यांचं चाललं. फॉर्मवर 'हिंट द्यावी लागली का' असा एक रकाना असतो. हिंट मिळाल्यावर तिने काय केलं, ते लिहायला जागा नाही. त्या रकान्यात 'हो'वर टिक मीच केली होती.