दाराची फट इतकी सरळ कशी?

ताईंची तक्रार तशी किरकोळ होती. डाव्या दाराखाली, रनिंग बोर्डाच्या, म्हणजे पाय ठेवायच्या लांब पट्टीच्या, वरच्या अंगाला रंगाला दोन-तीन फोड आले होते. "दादा, एवढं घासून रंगाचा हात मारून द्या, बाकी गाडी चांगली आहे," म्हणाल्या. गाडी फोक्सवॅगनची बीटल, साठच्या दशकातली. फिकट हिरवा रंग, लख्ख क्रोम, आतली सीटं नवी शिवलेली. नुकतीच घेतली होती. विकणाऱ्याने 'पूर्ण रिस्टोअर केलेली' म्हणून दिली होती आणि चार पावलांवरून बघणारा कुणीही त्यावर विश्वास ठेवेल अशीच ती होती.

निघता निघता त्या आणखी एक बोलल्या. डाव्या बाजूला हीटरची हवा येत नाही, काचेवर वाफ धरते. म्हटलं, झडपेची केबल अडकली असेल, बघतो.

रंगावरचा फोड बघितला की पहिला प्रश्न असतो, गंज बाहेरून आलाय की आतून. दगड लागून रंग उडाला आणि तिथे पाणी बसलं तर मधोमध टवका दिसतो, भोवती तांबूस डाग. तो गंज वरवरचा. पण रंगाची कातडी कुठेही न फाटता फुगलेली असेल तर पत्रा मागच्या बाजूने खाल्ला गेलाय असं समजायचं. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान कितीतरी पट वाढतं, त्याला जागा लागते, मग तो रंगाला बाहेर ढकलतो. हे फोड अखंड होते. टाचणीने टोचले तर आतून ओलसर तपकिरी भुकटी निघाली.

रंगाची जाडी मोजणारा मीटर लावला. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, पुन्हा मारलेला असेल तर दुप्पट-तिप्पट. उजव्या बाजूला आकडे त्या मानाने ठीक होते. डाव्या बाजूला दाराखालच्या पट्टीत मीटरने आकडा दाखवायचंच सोडलं. फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक लावला, घसरून खाली पडला. म्हणजे बोटभर नसली तरी भरपूर पुट्टी.

इथे बीटलची रचना सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मधोमध बोगदा असलेली एक सपाट फरशी, तिच्यावर वरची बॉडी बोल्टांनी आवळलेली. बॉडीच्या दोन्ही कडांना, दारांच्या खाली, पोकळ पत्र्याचे चॅनल. इंजिन मागे आणि हवेने थंड होणारं, त्यामुळे हीटरला गरम पाणी नाही. एक्झॉस्टभोवती तापलेली हवाच या चॅनलमधून पुढे पायांपाशी आणि काचेपर्यंत जाते. थोडक्यात, गाडीला ताठ ठेवणारा भाग आणि हीटरची नळी एकच. बाहेरून चाकांनी उडवलेला चिखल, आतून गरम-गार होताना सुटणारा ओलावा. पन्नास-साठ वर्षांनी तो सडला तर त्यात नवल काही नाही.

चॅनल सडलाय हे मीटरने सांगितलं. पण मी अडकलो होतो दाराच्या फटीवर. दाराची मागची फट वरपासून खालपर्यंत एकसारखी, चार मिलिमीटर. फूटपट्टी लावून रेघ मारावी तशी. चॅनल मेला की बॉडी मधे दबते, दाराच्या पुढचा आणि मागचा खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात. फट वर आवळते, खाली उघडते. या धंद्यात आम्ही फटीवरूनच गाडीची प्रकृती ओळखतो. चॅनल सडका आणि फट सरळ, या दोन गोष्टी एकाच गाडीत नांदणं शक्य नव्हतं.

मग जॅक लावला. दार बंद ठेवून, खाली लाकडाचा ठोकळा देऊन मधोमध हळूहळू उचललं. धड बॉडीत फटीला नजरेला कळेल इतका फरक पडत नाही. इथे चार-पाच दाबांतच वरची फट करंगळी जाईल एवढी रुंदावली आणि खाली दार खांबाला टेकलं. रंगाचा एक टवका उडून जमिनीवर पडला. आमचा पोरगा उचलून बघायला लागला. टवका कसला, पुट्टीची वडी होती ती. एका बाजूला हिरवा रंग आणि दुसऱ्या बाजूला पत्र्यावरचा गंज चिकटलेला.

ताईंना फोन करून परवानगी घेतली, आणि उघडायला सुरुवात केली.

रनिंग बोर्ड काढला. त्यामागे चॅनलवर एक नवा पत्रा बसवलेला होता, वरून जाड काळं डांबर. पोरगा ग्राइंडर घेऊन आला. त्याला म्हटलं, ठेव तो. आत काय आहे ते कळेपर्यंत ठिणगी नको. छिन्नीने कड उचकटली. पत्रा वेल्ड केलेलासुद्धा नव्हता, थोडे रिव्हेट आणि बाकी चिकटवण. तो सोलला तशी मागे पिवळा फोम दिसला. दारं-खिडक्यांच्या फटी भरायला वापरतात तो, डब्यातून फवारला की फुगणारा. मूळ चॅनलची बाहेरची भिंत जवळजवळ शिल्लकच नव्हती. तिच्या जागी फोम फुगवून, वर पातळ पत्रा लावून, त्याला पुट्टीने आकार दिलेला.

डाव्या बाजूला हवा का येत नव्हती, तेही तिथेच कळलं. नळीच बुजवून टाकली होती.

हा फोम दोन कारणांनी वाईट. एक म्हणजे तो पाणी धरतो. दाबला तर बोटं ओली झाली. त्याला टेकलेला पत्रा सतत ओल्या पट्टीत गुंडाळल्यासारखा राहतो. दुसरं कारण जास्त गंभीर. पॉलियुरेथेन जळाला की धुरात हायड्रोजन सायनाइड असतो. बंद चॅनलच्या आत तो पेटला तर वरून कळतही नाही, नुसता धूर येतो. कुणी भाबडेपणाने तिथे वेल्डिंगचा एक टाका जरी मारला असता तर गॅरेजमध्ये काय झालं असतं, कुणास ठाऊक. म्हणून जेवढा फोम हाताने, खरवडून, हुकाने ओढून निघाला तेवढा काढला. बॅटरी मागच्या सीटखाली असते, ती काढून बाजूला ठेवली. पुढच्या बॉनेटखालची पेट्रोलची टाकीही उतरवली.

आता दार. वरचा रंग गरम हवेने मऊ करून पट्टीने ओढायला लागलो. खालच्या मागच्या कोपऱ्यात पुट्टी सहा-सात मिलिमीटर निघाली. दाराची कड पुट्टीने पुढे वाढवून फट भरून काढलेली. हे अपेक्षितच होतं. वरच्या बाजूला मात्र मी थांबलो. दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या सांगाड्यावर दुमडलेला असतो, धोतराच्या काठासारखी ती दुमड सगळीकडून फिरते आणि तीच दोन्ही पत्र्यांना एकत्र धरते. इथे वर सुमारे वीतभर लांबीत दुमड ग्राइंडरने घासून उडवली होती. दार खांबाला घासत होतं, म्हणून दारच कमी केलं. अंगठ्याने दाबलं तर आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा वेगळे झाले, मधे नखभर पुट्टी.

तेव्हा सगळा हिशेब जुळला. गाडी चाकांवर दबलेल्या अवस्थेत असतानाच कुणीतरी चॅनलवर टोपण घातलं. बॉडी सरळ करायच्या भानगडीत पडला नाही. दार बसेना, तेव्हा वर घासलं आणि खाली भरलं. फट सरळ आली, फोटोत छान दिसली. खरं सांगतो, त्या माणसाचा हात वाईट नव्हता. पुट्टीची ती कड हाताने इतकी सरळ आणणं सोपं नाही. त्याच हाताने तितक्याच वेळात चॅनल बदलून झाला असता, याची मला जास्त चीड आली. गंजाचं काय, तो असतो तसा दिसतो, कापून काढला की संपतो. आधीच्या माणसाने काय केलं असेल याचा अंदाज बांधत काम करणं फार वेळखाऊ.

ताई संध्याकाळी आल्या. फोमचा ढीग, दाराची उघडी कड, सगळं बघितलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दादा, नुसतं खालचं बदललं आणि दार आहे तसंच ठेवलं तर?"

प्रश्न अगदी नेमका होता. तसं करता येतं. पण मग बॉडी दबलेली ठेवूनच नवा चॅनल वेल्ड करावा लागतो, म्हणजे वाकडेपणा कायमचा पक्का. पुढच्या काचेची चौकट पिळलेली राहते, तिथून पाणी गळतं, बोल्टांची भोकं जुळत नाहीत, ती ओढूनताणून आवळावी लागतात. आणि बॉडी सरळ केली तर हे दार बसणार नाही, ते पुन्हा घडवावं लागेल. दोन्हीतलं एकच निवडता येत होतं. मी हेही सांगितलं की दुसऱ्या वाटेने गेलो तर डावी बाजू रंगाशिवाय परत मिळेल, रंगाचं काम वेगळं.

"सरळ करा," त्या म्हणाल्या. "रंगाचं नंतर बघू."

पुढचं काम मोजमापाचं होतं. नशिबाने उजवी बाजू धड होती, तीच नमुना म्हणून धरली. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण, खांबांमधलं अंतर वर, मधे आणि खाली. सगळं खडूने उजव्या काचेवर लिहून ठेवलं. डावीकडचे फरशीचे बोल्ट सैल केले, काही तुटले, ते तुटणारच होते. मग जॅकने थोडं थोडं उचलत, प्रत्येक वेळी मोजत, कर्ण उजवीकडच्या मापाला आणले. बिजागऱ्यांच्या पिना झिजल्या होत्या, त्या नव्या घातल्या, नाहीतर दाराची लोंब आणि बॉडीचा झोल यातला फरकच कळत नाही. माप जमल्यावर दोन खांबांच्या मधे आणि केबिनमध्ये आडवे चौकोनी पाइप वेल्ड करून बॉडी जखडून टाकली. मगच जुना चॅनल कापला. कापायच्या आधी जखडलं नाही तर गाडी हातात दोन तुकड्यांसारखी हलते आणि मूळ माप पुन्हा सापडत नाही.

एका बाबतीत या गाडीचे मालक सुखी. २ कोटी १० लाखांवर बीटल बनल्या, शेवटची २००३ साली मेक्सिकोत, त्यामुळे चॅनलसारखे भाग आजही तयार मिळतात. तयार म्हणजे बसतोच असं नाही. आमच्या चॅनलची काही भोकं सरकलेली होती आणि पुढच्या खांबाशी पत्रा कमी भरत होता. क्लॅम्प लावून दार उघडायचं-मिटायचं, फट बघायची, चॅनल काढायचा, वाकवायचा, पुन्हा लावायचा. यात जो वेळ जातो तो वेल्डिंगला लागत नाही. वेल्डिंग त्यामानाने कंटाळवाणं. एक टाका पुढे, एक मागे, हात लावून गरम आहे का बघायचं, थांबायचं. सलग रेघ ओढली की पत्रा आकसतो आणि सगळी मापं पाण्यात. जिथे दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे आधी वेल्डिंग सोसणारा जस्ताचा प्रायमर, कारण जोड मिटल्यावर तिथे ब्रश पोचत नाही.

दाराची उडालेली कड परत आणायला बारीक लोखंडी सळई वापरली. दोन्ही पत्रे जुळवून, कडेला सळई ठेवून जवळजवळ टाके मारले, मग कानशीने उतरवत आणलं. ओल्या फडक्याने सारखं गार करत राहायचं, नाहीतर दाराचा पत्रा तापून वेडावाकडा होतो. शेवटी फट वर चार मिलिमीटर आली, खाली साडेचार. पोरगा म्हणाला, अर्धा मिलिमीटर पुट्टीने घेऊया का. त्याच्याकडे नुसतं बघितलं.

जोडांवर सीलर, चॅनलच्या बाहेरच्या अंगाला मेण. आतून मात्र मेण नाही. हीटर लावला की वास थेट केबिनमध्ये येतो, म्हणून तिथे उष्णता सोसणारा रंग लांब नळीने फवारला. खालची पाणी जायची भोकं उघडी आहेत का, ती तारेने तपासली. आधीच्याने ती डांबराने बुजवली होती.

ताईंनी गाडी नेली तेव्हा डावी बाजू करडी होती. इपॉक्सी प्रायमर मारलाय, तो पाणी आत घेत नाही, त्यामुळे काही महिने तसं चालवलं तरी बिघडणार नाही. साधा भराव प्रायमर उघडा ठेवला असता तर ओलावा शोषून खालून परत तेच सुरू झालं असतं. प्रत्येक टप्प्याचे फोटो त्यांना दिले, कुठे नवा पत्रा आहे, कुठे जुना, दाराची कड कुठून कुठे बांधली आहे. पुढे कुणी काम करेल त्याला माझ्यासारखं कोडं सोडवत बसायला नको.

"रंगाला कधी आणू?" मी गाडी बाहेर काढत असताना त्यांनी विचारलं.

"थोडी फिरवा आधी. खड्ड्यांतून जाऊ द्या. फट हलली नाही तर आणा."

"आणि हलली तर?"

"तर रंगाच्या आधी मला दाखवा."