काडीसारख्या सुऱ्या आणि सावंतवाडीचा पाऊस

जुलैचा दुसरा आठवडा होता. आईने परसातली अळूची पानं कापून आणायला सांगितली. मी बटव्यातून सुरी काढली, पात्यावरच्या खाचेत नख अडकवलं आणि ओढलं. पातं हललं नाही. पुन्हा ओढलं, नख मुडपलं. मेपर्यंत लोण्यासारखी उघडणारी सुरी मुठीने गच्च धरून ठेवली होती.

ही सुरी म्हणजे फ्रान्सच्या साव्वा प्रांतातली ओपिनेल, तिच्यातला 'एफिले' नावाचा प्रकार. एफिले म्हणजे निमुळती. दहा नंबर, म्हणजे दहा सेंटीमीटरचं पातं. मूठ करंगळीपेक्षा थोडी जाड, शेवटाला माशाच्या शेपटीसारखी वळलेली. मला खिशातल्या सुऱ्यांचं वेड आहे आणि त्यातही सडपातळ सुऱ्यांचं. आज माझ्याकडे अकरा आहेत. जाडजूड, पाच अवजारं एकात कोंबलेली सुरी मला कधीच आपली वाटली नाही. जी बटव्यात आहे हे विसरायला होतं आणि हवी तेव्हा हाताला लागते, ती खरी.

हे वेड लागलं फ्रान्समधल्या ग्रनोब्ल शहरात. नोकरीनिमित्त मी तिथे दोन वर्षं राहिले. घरमालकीण ऐंशीच्या पुढची होती. रविवारी तिच्याकडे जेवायला गेलं की ताटाशेजारी काटा आणि चमचा असायचा, सुरी नसायची. तिच्या वयाची पाहुणेमंडळी आपापल्या खिशातून सुरी काढायची, पाव कापायची, चीज कापायची, पावाच्याच तुकड्याने पातं पुसून सुरी पुन्हा खिशात टाकायची. पुरुषही आणि बायकाही. कोकणात माणूस कमरेच्या आकडीला कोयती अडकवून बागेत जातो, तितकंच ते सहज होतं. परत यायच्या आधी तिने मला आपल्या नवऱ्याची जुनी सुरी दिली. पन्नासेक वर्षं धार लावून लावून पातं झिजलेलं, मूळच्या अर्ध्या रुंदीचं झालेलं. दिली, आणि लगेच हात पुढे केला: "मला एक नाणं दे." सुरी फुकट दिली तर मैत्री कापली जाते असं तिकडे मानतात. मी एक युरो दिला. माझी आजी अडकित्ता कधी कुणाच्या हातात देत नसे, खाली ठेवायची आणि समोरच्याने तो उचलायचा. मला ते आठवलं, आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये मी मादामला ते सांगितलंही.

ओपिनेलचं मूळ पाहायला मी एका शनिवारी शाँबेरीवरून रेल्वेने साँ-झाँ-द-मोरिएनला गेले. अरुंद दरी, दोन्ही बाजूंना डोंगर. याच गावाजवळच्या आल्बिए-ल-व्ह्यू इथल्या एका वाडीत ओपिनेल कुटुंबाची भट्टी होती. बाप कोयते, कुऱ्हाडी, छाटणीची अवजारं घडवायचा. १८९० मध्ये अठरा वर्षांच्या जोसेफ ओपिनेलने खिशात मावेल अशी साधी सुरी केली. एक पातं, एक लाकडी मूठ, एक रिवेट, बस. १८९७ मध्ये त्याने एक ते बारा असे आकार ठरवले. एक नंबर इवलासा, बारा नंबर शेतकऱ्याच्या हाताचा. पुढे एक आणि अकरा हे दोन आकार बंद पडले. १९०९ मध्ये पात्यावर मुकुट आणि आशीर्वादाचा हात अशी खूण आली. हात या गावाच्या चिन्हातला: संत योहानाच्या बोटांचे अवशेष इथल्या कॅथेड्रलमध्ये आहेत अशी श्रद्धा आहे. मुकुट साव्वाच्या जुन्या डचीचा. मानेवरचं फिरतं कडं मात्र बरंच नंतरचं, १९५५ चं. ते फिरवलं की उघडं पातं बोटांवर मिटत नाही. गावातल्या ओपिनेल संग्रहालयातून मी एफिले घेतली. पातं स्टेनलेस, मूठ बीच नावाच्या लाकडाची.

त्याच वर्षी त्येरलाही गेले. फ्रान्सच्या बहुतेक सुऱ्या या एका गावात होतात. द्युरोल नदी डोंगरातून धावत खाली येते आणि तिच्या पाण्यावर पूर्वी धार लावायची दगडी चाकं फिरायची. कारागीर फळीवर पालथे पडून, चेहरा दगडाशी नेऊन काम करायचे. दगडाच्या पिवळ्या चिखलाने अंग माखायचं म्हणून त्यांना 'पिवळ्या पोटाचे' म्हणत. थंडीत पाय गारठू नयेत म्हणून त्यांचे कुत्रे त्यांच्या पायांवर झोपायचे. पालथा माणूस, खाली नदी, पायांवर कुत्रा. हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. कुठलीही जुनी सुरी हातात घेतली की मी आधी पात्याच्या पाठीवरून अंगठा फिरवते, आणि तो माणूस आठवतो.

त्येरमधून दोन सुऱ्या आणल्या. एक लायोल पद्धतीची: बाकदार, सुरेख, मुठीच्या पाठीवर माशीसारखं कोरीवकाम, मुठीत पितळी टाचण्यांचा छोटा क्रूस. रानातले मेंढपाळ सुरी पावात उभी रोवून तिच्यासमोर प्रार्थना करायचे अशी गोष्ट सांगतात. दिसायला सगळ्यांत देखणी, पण मी ती कमीच वापरते. जोरात मिटली तर धार आतल्या पट्टीवर आपटते, म्हणून प्रत्येक वेळी जपून मिटावी लागते. दुसरी मात्र जिवाभावाची. डूक-डूक. १९२९ पासून त्येरमध्ये होते. मूळ मेलानेशियाच्या बेटांवर विकायला काढली, म्हणून मुठीवर तिथल्या एका आत्म्याची आकृती आहे. मूठ म्हणजे पत्र्याची एकच पट्टी, मधोमध दुमडलेली. लाकूड नाही, कडं नाही. आत कार्बन स्टीलचं पातं आणि अशी कडक स्प्रिंग की पहिल्यांदा उघडताना दमायला होतं. जीन्सच्या लहान खिशातही ती कळत नाही.

तर जुलै. सुरी उघडेना.

फ्रान्समध्ये यावर उपाय आहे, त्याला 'साव्वावाल्याचा ठोका' म्हणतात. कडं मोकळं करायचं, मुठीचं बूड कठीण जागी आपटायचं, पातं आपोआप थोडं बाहेर येतं. बीच पाणी ओढतं आणि फुगतं हे तिथेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिकडचा ओलावा म्हणजे हिवाळ्यातली एखादी ओली सकाळ. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मीठ पाझरतं, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. मी अंगणातल्या चिऱ्याच्या पायरीवर ठोका दिला. पातं अर्धा सेंटीमीटर आलं आणि मुठीच्या शेपटीचा कपचा उडाला.

वाईट वाटलं, पण त्या कपच्यापासूनच माझं खरं शिक्षण सुरू झालं.

आधी मुठीतली, पातं मिटून बसतं ती खाच रुंद करून पाहिली. स्टीलच्या पातळ पट्टीला पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि खाचेत मागे-पुढे घासायचं. थोडा फरक पडला. मग तेल. पहिल्यांदा खोबरेल लावलं आणि ती चूक होती: खोबरेल लाकडात कधी सुकत नाही, चिकट राहतं, खवट होतं. होड्यांना लावतात ते उंडीचं किंवा काजूच्या टरफलाचं तेल चाललं असतं असं कुणी म्हणेल. पण काजूच्या तेलाने कातडी भाजते, आणि या सुरीने मी फळं कापते. जवसाचं तेल बरोबर निघालं. हवा लागली की ते लाकडाच्या आत घट्ट होत जातं. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने पुसून घ्यायचं, आठवडाभर थांबायचं, पुन्हा. असे पाच हात. पुढच्या जुलैत पातं उघडलं, पण जड.

मग सुरी घेऊन चितारआळीत गेले. आमच्या गावची लाकडी खेळण्यांची आळी. तिथल्या एका कातारी काकांना मी लहानपणापासून ओळखते, त्यांच्याकडचे भोवरे फिरवत मोठी झाले. त्यांनी मूठ नाकाशी नेली, नखाने दाबली आणि म्हणाले, "बाय, ह्या लाकूड हयसर टिकाचा नाय." सागवान घे म्हणाले. ओलं-सुकं होताना साग बीचच्या जवळपास निम्मंच हलतं. आमच्या जुन्या खिडकीची चौकट बदलली तेव्हाचा एक तुकडा माळ्यावर पडून होता, साठ-सत्तर पावसाळे पाहिलेला. तो घेतला.

काम माझं मीच केलं. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी सांगते. कडं सर्क्लिप काढायच्या पकडीने फाकवून काढायचं, सावकाश, नाहीतर उडून डोळ्यात जातं. खालचं स्थिर कडंही सोडवायचं. रिवेटचं एक डोकं कानशीने घासून सपाट करायचं आणि पंचने ठोकून ते बाहेर काढायचं. पातं हातात आल्याबरोबर त्याला जाड कापडी पट्टी गुंडाळा. नव्या लाकडात आधी खाच आणि भोक, मग बाहेरचा आकार. उलटं केलं तर भोक तिरकं जातं आणि पातं मिटताना एका बाजूला घासतं. माझी पहिली मूठ अशीच वाया गेली. दुसरीला काकांनी मान कातून दिली, कडं बसतं तेवढाच भाग. तिथे अर्ध्या मिलिमीटरचीही चूक चालत नाही. रिवेट पितळी सळईचं केलं, दोन्ही बाजूंनी हलक्या हातोडीने पसरवून. शेपटी मात्र थोडी लांब ठेवली. माझ्या तळहाताला ती तशी हवी होती.

त्यानंतरचे तीन पावसाळे ती सुरी एका नखाने उघडते आहे.

डूक-डूकचं दुखणं वेगळं. तिला फुगायला लाकूड नाही, पण पातं गंजतं. रात्रभर बाहेर राहिली की सकाळी तांबूस ठिपके. तिला घडवलं ते आमच्या परसाने. कैरी कापली की पात्यावर निळसर राखाडी डाग उमटतो. तो गंज नाही, आंबटाने लोखंडावर आणलेला गडद थर आहे, आणि तो बसला की खालचं लोखंड तांबड्या गंजापासून बरंचसं वाचतं. युरोपातले हौशी लोक त्यासाठी मोहरी किंवा व्हिनेगर फासतात. मी एक अख्खा मे महिना लोणच्याच्या कैऱ्या तिनेच कापल्या. मग बोंडू म्हणजे काजूची फळं, केळफूल. तुरट रसाने रंग काळानिळा होतो, हिरड्याच्या जुन्या शाईत लोखंड घातल्यावर यायचा तसाच. आता त्या पात्यावर ढग आहेत, टोकाकडे जांभळे, मुळाशी करडे. पुसते, खोबरेलाचं बोट फिरवते आणि मिटते. पात्यावर खोबरेल चालतं. फणस फोडताना तर हवंच, नाहीतर चीक सुटत नाही.

सडपातळ पात्याचं मोल आमच्या फळांत कळतं. ओला काजूगर सालीतून अख्खा उचलायचा, आंब्याचा देठाकडचा भाग रस न सांडता काढायचा, फणसाच्या गऱ्यातून आठळी सोडवायची, ही कामं टोकाची आहेत. आई अजून तिच्या आडाळ्यावरच, म्हणजे विळीवरच कापते आणि माझ्या सुरीला काडी म्हणते. बांगडा तिच्या आडाळ्यावरच चांगला होतो हे मलाही मान्य आहे.

सोबत बाळगण्याबद्दलही सांगितलं पाहिजे. फ्रान्समध्ये योग्य कारण नसताना सुरी खिशात ठेवणं गुन्हा आहे. जेवणाची सुरी म्हणून सगळे सहज बाळगतात, तरी शहरात मी ती डब्याबरोबरच ठेवायचे. भारतात येताना ती चेक-इन सामानात आली. इथे निवडणुका आणि सणांच्या काळात पोलीस महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश काढतात, त्यांत सुऱ्याही असतात. मुंबईला जाताना मी एकही नेत नाही. बागेत, परसात, मोचेमाडच्या किनाऱ्यावर शहाळं खाताना, तिथेच त्यांचं काम आहे. सुरी दाखवायला म्हणून मी बाहेर काढत नाही. कुणी विचारलं तर आधी मिटते, मग हातात देते.

मादामच्या नवऱ्याची सुरी मी बदललेली नाही, बदलणारही नाही. तिची मूठ त्याच्या हाताने गुळगुळीत झाली आहे. पावसाळ्यात ती तांदळाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून झोपते. दिवाळीत बाहेर काढते तेव्हा पहिल्या झटक्यात उघडते.

गेल्या वर्षीच्या वादळात विहिरीजवळचा जुना फणस पडला. त्याच्या गाभ्याचे चार तुकडे मी माळ्यावर टाकले आहेत, टोकांना मेण लावून, चिरू नयेत म्हणून. कापले तेव्हा हळदीसारखे पिवळे होते, आता मधाच्या रंगावर आले आहेत. काका म्हणतात अजून एक पाऊस जाऊ दे. आठ नंबरची एक कार्बन पात्याची ओपिनेल त्या तुकड्यांसाठी थांबली आहे.