गर्दीतला मणी

मनीप्लांटच्या बाटलीतलं पाणी हिरवट झालं की आपण ते मोरीत ओततो. पण त्याचा एखादा थेंब मायक्रोस्कोपखाली बघितला तर ओतायला हात धजणार नाही, इतकी लगबग चाललेली असते त्यात.

साचल्या पाण्यात क्लॅमिडोमोनास नावाचं एकपेशीय शेवाळ सापडतं. आकार मिलिमीटरचा शंभरावा भाग. पुढे दोन शेपट्या, त्या सेकंदाला पन्नासेक वेळा मारत स्वारी चक्क ब्रेस्टस्ट्रोकने निघते. मला मात्र या पोहणाऱ्यांपेक्षा त्यांच्या वाटेत सापडलेल्या कणांची जास्त गंमत वाटते.

वू आणि लिबचेबर या दोन शास्त्रज्ञांनी २००० साली द्रवाच्या पातळ पापुद्र्यात ई. कोलाय जिवाणू सोडले आणि त्यांच्यात त्यांच्याहून जाडजूड प्लॅस्टिकचे मणी. नुसत्या पाण्यातही मणी थरथरतो, रेणूंचे धक्के खाऊन. जिवाणूंच्या गर्दीत तो कितीतरी जास्त भटकला: क्षणभर एका दिशेने सरळ, मग भलतीकडेच. एसटीच्या दारात आपण चढत नाही, चढवले जातो (आणि नको त्या थांब्यावर उतरवलेही जातो), तसाच प्रकार. क्लॅमिडोमोनासचं तर आणखी मजेदार. बहुतेक कण बाजूने डुचमळून जातात, पण एखादा नेमका तोंडासमोर आला की तो शेवाळाबरोबर बराच लांब ओढला जातो. असं क्वचितच घडतं, तरी कणांच्या एकूण भटकंतीत मोठा वाटा याच फरपटीचा, असं २०१६ मध्ये दिसून आलं.

हे सगळं बिनकामाचं म्हणावं, तर २०१० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी याच धुडगुसाला कामाला लावलं. मातीत सापडणारा बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू, आणि त्याच्या द्रावणात एक दातेरी चाक, व्यास मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त. वजनाने एका जिवाणूच्या दहा लाख पट. दाते मुद्दाम एका बाजूला कललेले. जिवाणू दात्याच्या उतारावरून घसरून निघून जातात, पण खाचेत शिरलेले तिथेच अडकून ढकलत राहतात. काहीशे जिवाणूंच्या अशा ढकलण्याने ते धूड मिनिटाला एक-दोन फेरे घेऊ लागलं. दाते दोन्हीकडून सारखे असते तर धक्के एकमेकांना खोडून टाकतात आणि चाक नुसतं डुगडुगतं.

मला सगळ्यात आवडलं ते त्याचं बटण. ऑक्सिजन कमी केला की जिवाणू मंदावतात, चाकही मंदावतं. परत दिला की कारखाना सुरू. वीज नाही, मोटर नाही, हवेचा नळ तेवढा सांभाळायचा.