दहावं नाव

बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा अवॉर्ड, त्याची तीस जणांची यादी आली की मी मोबाईलच्या नोट्समध्ये स्वतःची टॉप टेन टाइप करून ठेवतो. कोणी मागितलेली नसते, कोणाला दाखवतही नाही, पण दरवर्षी करतो. पहिलं नाव दोन सेकंदात होतं, दुसरं तिसरंही पटकन, आणि मग सहाव्या-सातव्यापाशी गाडी अडते कारण तिथून पुढे सगळे सारखेच चांगले दिसायला लागतात आणि यांच्या मॅचेस आपण खरंच किती बघितल्या आणि नुसत्या हायलाइट्स किती, असं स्वतःलाच विचारावं लागतं. उत्तर मी देत नाही.

ज्यांचं मत खरंच मोजलं जातं त्यांचंही फार वेगळं होत नसावं. फिफा रँकिंगमधल्या पहिल्या शंभर देशांतून प्रत्येकी एक पत्रकार, त्याने दहा नावं क्रमाने लावायची, पहिल्याला 15 पॉइंट, दुसऱ्याला 12, असं उतरत उतरत दहाव्याला 1. बघायचं काय, तर त्याचा स्वतःचा खेळ, मग टीमने काय जिंकलं, आणि शेवटी क्लास आणि फेअर प्ले. आता क्लास कशात मोजायचा, लिटरमध्ये की किलोमध्ये?

2024 ला रॉड्रीला 1170 पॉइंट मिळाले आणि विनिसियसला 1129. फरक 41 चा. (1956 साली पहिला बॅलन डी'ओर घेतला तेव्हा स्टॅनली मॅथ्यूजचं वय पण 41 होतं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही, मला आपलं आठवलं.) मी तेव्हा कागदावर हिशोब केला होता, रॉड्री पहिला आणि विनिसियस दुसरा लिहिणाऱ्या फक्त सात जणांनी ती नावं उलटी लिहिली असती तर 42 पॉइंट फिरले असते आणि विनिसियस एका पॉइंटने जिंकला असता. सात माणसं! विनिसियसच्या क्लबचे, रियल माद्रिदवाले रुसून पॅरिसला अवॉर्डच्या कार्यक्रमाला आलेच नाहीत, आणि इकडे रॉड्री गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, कुबड्या घेऊन स्टेजवर. मला तो माणूस जिंकला याचा आनंदच झाला, मिडफिल्डमध्ये गपचूप काम करणाऱ्याला कोण विचारतं एरवी. आणि लेवांडोव्स्कीचं तर बोलूच नका, 2019-20 च्या सीझनमध्ये 55 गोल मारले, त्याच्या बायर्न क्लबने सगळं जिंकलं, आणि 2020 ला कोविडमुळे अवॉर्डच रद्द. पुढच्या वर्षी मेस्सीच्या मागे दुसरा, 33 पॉइंटने.

पण माझं खरं दुखणं गोलकीपरचं आहे. इतक्या वर्षांत एकच गोलकीपर जिंकलाय, लेव याशिन, तोही 1963 ला. 2019 पासून त्याच्याच नावाने गोलकीपरांसाठी वेगळी ट्रॉफी काढलीय, म्हणजे सन्मान वगैरे ठीक आहे पण शेवटी त्यांची पंगतच वेगळी मांडली ना. गोल मारणारा दिसतो, न झालेला गोल कोणाच्या लक्षात राहतो? 2022 ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल घ्या, लिव्हरपूल धडकतंय आणि रियल माद्रिदचा गोलकीपर थिबो कोर्तुआ एकामागून एक अडवतोय, नऊ सेव्ह, माद्रिद 1-0 ने जिंकलं. सालाहचा एक शॉट तर त्याने कसा काय अडवला ते मला अजून कळलेलं नाही. आणि बॅलन डी'ओरमध्ये हा माणूस सातवा! तेव्हा मी दोन-तीन दिवस भेटेल त्याला ऐकवत होतो की या पत्रकारांना फुटबॉल कळतच नाही, हे फक्त स्कोअरबोर्ड बघून नावं लिहितात.

परवा मोबाईल बदलायचा म्हणून जुन्या नोट्स चाळत होतो. 2022 ची माझी यादी सापडली. वर बेन्झेमा, मग माने, मग डी ब्रॉयना, सगळे स्ट्रायकर आणि मिडफिल्डर रांगेत.

कोर्तुआ नववा होता.