परत न वितळलेली पृथ्वी

रात्रभर चालत ठेवलेल्या प्रोग्रामचा आलेख सकाळी उघडला आणि मी स्वतःशीच म्हटलं, गेलं काम. कुठेतरी बग आहे.

हवामानाच्या प्रारूपांवर (मॉडेल्सवर) काम करायला लागून मला थोडेच दिवस झाले होते, शिक्षण सगळं संगणकाचं. बुडिको आणि सेलर्स या हवामानशास्त्रज्ञांनी 1969 साली स्वतंत्रपणे मांडलेलं ऊर्जासंतुलनाचं, म्हणजे पृथ्वीवर येणाऱ्या आणि जाणाऱ्या उष्णतेच्या हिशेबाचं, प्रारूप नव्यानं लिहायचं काम माझ्याकडे होतं. सूर्याची ऊर्जा अर्ध्या-अर्ध्या टक्क्यानं कमी करत जायची आणि मग तशीच वाढवत मूळ आकड्यावर, म्हणजे चौरस मीटरला 1361 वॅटवर, आणायची. उतरताना बर्फ ध्रुवांकडून हळूहळू खाली सरकला आणि तिसाव्या अक्षांशाच्या आसपास आल्यावर एका पायरीत थेट विषुववृत्तावर पोचला. तेही एक वेळ मान्य. पण परत येताना सूर्य पूर्ववत झाला, तरी पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 30 च्या खालीच! निघाले तेव्हा ते अधिक 15 च्या जवळ होतं. सूर्य तोच, समीकरणं तीच, उत्तरं दोन.

‘चूक’ नावाचं फोल्डर केलं आणि दुपारपर्यंत ओळ न ओळ तपासली. शेवटी सापडलं. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीत उरलेल्या तापमानापासून सुरू होत होती. मी ते बदललं, दर वेळी उबदार पृथ्वीपासून सुरुवात केली. दोन्ही रेषा एकमेकींवर चपखल बसल्या. आलेख घेऊन मी मोठ्या ऐटीत मॅडमकडे गेले.

त्यांनी पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला. “छान दिसतंय. पण परतीच्या वाटेवर दर पायरीला ही गोठलेली पृथ्वी आधी वितळवून कोण देतंय?”

मीच देत होते. जी गोष्ट पाहायची होती, तीच मी दुरुस्त करून टाकली होती.

मग फीडबॅक, म्हणजे एका बदलानं आणखी बदल ओढून आणणं, समजावायला त्यांनी कागद ओढला. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला आणि बाकी काहीच बदललं नाही, तर तापमान साधारण 1.2 अंशांनी वाढतं. पण बाकीचं बदलतंच. दर अंशामागे हवा सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, आणि बाष्प स्वतःच उष्णता अडवतं. बर्फ हटतो, ढग बदलतात. “समज, प्रत्येक अंश आणखी 0.6 अंश घेऊन येतो. त्या 0.6 मुळे 0.36, मग 0.216...” मूळ एक अंश धरून बेरीज अडीच अंशांवर थांबते. म्हणजे 1.2 चे 3 होतात, अनंत नाही. धन, म्हणजे मूळ बदल वाढवणारा, फीडबॅक म्हटलं की सगळं हाताबाहेर जाणार, असं मी तोवर समजत होते. (आणि ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगलं, हा ऑफिसातला अर्थ तर इथे अजिबात चालत नाही.) तापलेली पृथ्वी अवकाशात जास्त उष्णता फेकते, हा ऋण फीडबॅक एरवी सगळ्यांना पुरून उरतो.

“आणि तो 0.6 चा 1 झाला तर?” मी विचारलं.

“तर तुझा तिसावा अक्षांश.”

उघडा समुद्र आलेल्या प्रकाशातला जेमतेम 6 टक्के परत पाठवतो, ताज्या हिमानं झाकलेला सागरी बर्फ 80 टक्क्यांहून जास्त. बर्फ जसा खाली येतो, तसा तो जास्त ऊन पडणाऱ्या आणि जास्त रुंद पट्ट्याला झाकतो. एका टप्प्यानंतर ही बेरीज थांबतच नाही. आणि एकदा सगळं पांढरं झालं की तोच पांढरेपणा गारठा टिकवून धरतो.

संध्याकाळी जुना कोड परत आणला आणि सूर्य मूळ आकड्याच्याही वर नेत राहिले. 5 टक्के. 10 टक्के. बर्फ हलेना. मग खरी पृथ्वी 60-70 कोटी वर्षांपूर्वी त्या अवस्थेतून सुटली कशी? मॅडम निघता निघता म्हणाल्या, “ज्वालामुखी. ते कार्बन डायऑक्साइड सोडतच राहतात. बर्फाखाली खडकांची झीज मंदावते, तो शोषायला कुणी उरत नाही. साठत जातो. लाखो वर्षं.”

माझ्या प्रारूपात ज्वालामुखी नव्हते. ते घालायला पुढचे दोन आठवडे गेले. त्या फोल्डरचं नाव मात्र अजून ‘चूक’च आहे.