भाण, रगडा आणि पाळणा

घरातल्या जुन्या वस्तू बागेत मांडून द्या, असं सांगणारी माणसं गोव्याच्या फोंडा भागात हल्ली वरचेवर भेटतात. जुनी घरं उतरवली जातात, न्हाणीतली चूल जाऊन गीझर येतो आणि आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं भाण, वाटणाचा दगडी रगडा, लोणच्याच्या बरण्या उघड्यावर पडतात. भंगारात घालायला जीव धजत नाही, नव्या घरात ठेवायला जागा नसते. मग कुणाला तरी बाग आठवते. मी बागा करून देते, त्यामुळे अशा वेळी मला बोलावणं येतं. म्हार्दोळच्या एका घरातला दिवस मात्र मनातून जात नाही.

घराची मागची बाजू पावसापूर्वी उतरवायची होती. सगळं सामान सोप्यावर काढून ठेवलेलं. धाकट्या सुनेनं मोबाइलवर फोटो जमवले होते. भाणाच्या बुडाला भोकं पाडून त्यात शेवंती लावायची, पाळण्यात माती भरून त्यात रंगीत फुलं. सासूबाई, म्हणजे माई, खांबाला टेकून अबोलीचा वळेसर करत बसल्या होत्या. बोलत नव्हत्या, पण लक्ष सगळं आमच्याकडे होतं.

भाणापासून सुरुवात केली. भोक पाडायचं नाही, हे मी आधीच सांगितलं. सुपारीच्या कोळेरोगावर आपण मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतो. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. रोगाला मारणारं हेच तांबं जास्त झालं की कोवळ्या मुळांनाही जाळतं. त्यात आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. तांब्याला ओली माती सतत लागून राहिली की ते हळूहळू तिच्यात उतरत जातं. म्हणून भाणात विटांचे तुकडे घालायचे, त्यावर मातीची कुंडी ठेवायची आणि झाड कुंडीत लावायचं. भाण पागोळीखाली नको, पडवीच्या आत राहू दे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो इथे, बाहेर ठेवलं तर कुंडी पाण्यात बुडेल.

माई पहिल्यांदा बोलल्या. ‘‘म्हणजे दिवाळीला भाण मोकळं करता येईल ना, बाय?’’ नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी भाण घासायचं, त्यावर चुन्यानं नक्षी काढायची, गळ्यात फुलांची माळ घालायची, पाणी भरून ठेवायचं, हे त्यांनी सून म्हणून आल्यापासून केलेलं. कुंडी उचलली की भाण मोकळं होईल, असं सांगितल्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

मिसकूट, म्हणजे कैरीचं लोणचं, घालायची चिनी मातीची बरणी घेतली तेव्हा आतली झिलई तडकलेली दिसली. तडांमधून पांढरी पूड वर आलेली. बोट लावून जिभेला लावलं तर खारट! वर्षानुवर्षांचं मीठ आत मुरलेलं. अशा बरणीत झाड लावलं की पानांच्या कडा करपतात आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. पाणी बदलत बरेच दिवस भिजत ठेवा, पूड यायची थांबली की मगच भोक पाडू, असं ठरलं. ते भोकही टाइल कापायच्या डायमंड बिटनं, थोडं थोडं पाणी सोडत आणि ड्रिलचा हातोडा बंद ठेवून.

मग पाळणा. फणसाच्या लाकडाचा, हिरव्या तेलरंगाचे थरावर थर चढलेला, कडांना पापुद्रे सुटलेले. मला रंगाची काळजी होती. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९०) जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांचा भरवसा कसा धरायचा? त्या घरातला नातू मातीत खेळतो. मी हे सांगायला तोंड उघडणार, इतक्यात माई उठून आल्या.

‘‘पाळण्यात माती घालायची नसते.’’

आवाज चढला नव्हता. सूनबाई गप्प झाल्या. जरा वेळानं माईच म्हणाल्या, ‘‘माझं पहिलं सहा महिन्यांचं होऊन गेलं. याच पाळण्यात होतं. नंतरची सगळी यातच वाढली.’’ थोरल्या मुलालाही हे ठाऊक नसावं, कारण तो आईकडे बघतच राहिला. माझ्या शिशाच्या हिशेबाची तिथे गरजच उरली नाही. सुनेनं स्वतः पाळणा पुसला, जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि दोघांनी तो माळ्यावर चढवला.

त्यानंतर काम भराभर झालं. रगडा हलवायला शेजारची माणसं बोलवावी लागली. त्याच्या खळग्यात साळक, म्हणजे कमळ, लावलं आणि डासांसाठी गप्पी मासे सोडले. शिवणयंत्राचा बिडाचा पाय घासून त्याला रेड ऑक्साइड दिलं आणि त्यावर अबोलीच्या कुंड्या मांडल्या. अबोलीचं बी माईंनीच दिलं. वाळलेल्या बोंडांवर पाण्याचे थेंब शिंपडले की ती तटतट फुटतात आणि बी लांब उडतं. नातवाला तोच खेळ झाला. घरच्या जाईच्या वेलाला हात लावला नाही. गावच्या महालसा देवीच्या जायांच्या पूजेला या वेलाची फुलं जातात.

निघताना सुनेनं पाटा-वरवंटाही दाखवला, पायवाटेत बसवता येईल का म्हणून. माई आतूनच म्हणाल्या, ‘‘तो ठेव तिथंच. उद्या हुमणाचं वाटण कशावर करू?’’